पाण्यातलं संसदभवन

रावळपिंडी
१२ नोव्हेंबर १९६९

लाडके मनो,

सलाम. पत्राला उशीर झाला म्हणून गाल फुगवून बसली असशील. इथली थंडी बघितली असतीस तर माफ केलं असतंस. सकाळी बोटं वळत नाहीत, लेखणी कुठली धरणार! आपल्या ढाक्याच्या क्वार्टर्समधला घामसुद्धा मला गोड वाटायला लागलाय, म्हणजे बघ.

यांना इस्लामाबादच्या नव्या कचेरीत टेबल मिळालं. रोज बसने जातात, बसने येतात आणि दारातूनच विचारतात, "ढाक्याहून पत्र?" हुरळून जाऊ नकोस. तुझी खुशाली नको असते त्यांना, जिन्याची हवी असते. चार वर्षं ज्या जिन्याचे कागद काढले, तो काँक्रीटमध्ये ओतायची वेळ आली आणि बदलीचा हुकूम आला. "इनायतच्या नशिबी कागदच," असं स्वतःलाच म्हणतात आणि जेवायला बसतात. मला वाईट वाटतं, पण बोलून दाखवत नाही, नाहीतर पुन्हा सगळा नकाशा ताटातल्या डाळीवर काढून दाखवतील.

तुझ्या सवतीचं कसं चाललंय? लुत्फरभाई अजून झोपेत "फळ्या घट्ट करा, फळ्या" म्हणून ओरडतात का? त्या असेंब्लीच्या इमारतीने आपल्या दोघींचे संसार अर्धे खाल्ले, पण तिच्यामुळेच तू भेटलीस, म्हणून मी तिला शिव्या देत नाही.

फरहत चालायला लागली. कावळा दिसला की अजून "काक, काक" करते. तुझ्या भावाने, बादलने शिकवलेलं. इथे पोरं हसतात तिला. काल सासूबाई म्हणाल्या, "पंजाब्याची पोर आणि बंगाल्याची जीभ!" मी म्हटलं, जीभच कशाला, अंगावर मांसही तिकडचंच आहे. मी तापाने फणफणले होते तेव्हा तू तुझ्या टुटुलला एका बाजूला आणि हिला दुसऱ्या बाजूला घेऊन पाजत बसायचीस. या पोरीला मी सांगणार आहे की तुला दोन आया आहेत, एक रागीट आणि एक ढाक्याची.

बादलला म्हणावं, कॉलेजात अभ्यास कर, मोर्चे पुरे.

तुझी,
सुग्राआपा

ढाका
२० फेब्रुवारी १९७०

सुग्राआपा,

सलाम. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि लुत्फरने एकदा. त्याने जिन्याचा भाग तेवढा वाचला. इनायतभाईंना सांग, जिना अर्धा वर आलाय. एक दिवसाची भिंत माणसाएवढी उंच, मग थांबायचं, दुसऱ्या दिवशी तिच्यावर पुढची. जोड दिसू नये म्हणून मधे संगमरवराची पांढरी पट्टी. लांबून बघितलं की राखाडी लुगड्याला पांढरे काठ लावल्यासारखं दिसतं. हे मी म्हटलं तर लुत्फर रागावला. म्हणे, "जगातल्या थोर इमारतीला तू लुगडं म्हणतेस!" मग दुसऱ्या दिवशी गुपचूप येऊन म्हणाला, "मुकादमालाही ते लुगड्याचं पटलं."

परांची अजून बांबूचीच आहे, तुला भीती वाटायची ना तीच. बायका डोक्यावर काँक्रीटच्या पाट्या घेऊन मुंग्यांसारख्या चढतात. भिंतीत आता ती मोठी गोल भोकं दिसायला लागली आहेत. एवढी मोठी की त्यांतून आपल्या क्वार्टर्सची ओळ आख्खी दिसते. आई म्हणते, खिडकीला दार नाही, पाऊस आत येईल, नकाशे काढणाऱ्या त्या अमेरिकन माणसाला आपला पाऊस काय ठाऊक! लुत्फर तिला समजावत बसतो की खरी खोली आतल्या भिंतीमागे आहे, बाहेरची भिंत म्हणजे नुसती छत्री. आईला पटत नाही. अजून एकदाही तिथे यायला तयार नाही ती.

घरात रोज भांडण आहे. परवा जेवताना बादल म्हणाला, "दाजी, हे खेळणं आहे. सत्ता सगळी पिंडीत आणि आपल्याला खेळायला एक इमारत."

लुत्फर म्हणाला, "इमारत तर होऊ दे. आत कोण बसायचं ते तुम्ही ठरवा."

"आणि त्यांनी बसूच दिलं नाही तर?"

"तर भिंती थांबतील. भिंतींना घाई नसते."

बादल हसला आणि त्याच्या ताटातला मासा काढून लुत्फरच्या ताटात ठेवला. असा आहे तो. भांडतो आणि वाढतो.

फरहतचा फोटो पाठव. टुटुल तिची उशी कोणाला देत नाही.

तुझी मनो

रावळपिंडी
९ मे १९७१

लाडके मनो,

तुझं पत्र नाही, जीव लागत नाही. रेडिओ सांगतो की ढाक्यात थोडी गडबड झाली होती, आता सगळं शांत आहे, बाजार उघडले आहेत. ऐकून बरं वाटलं. तुम्ही क्वार्टर्स सोडून जुन्या ढाक्यात नारिंद्याला आईकडे गेलात असं कोणीसं सांगितलं, म्हणून त्या पत्त्यावर लिहिते आहे.

एक आनंदाची बातमी. माझा धाकटा भाऊ जहांगीर, माझ्या लग्नातला ज्याचा फोटो तुला दाखवला होता तो, आता कॅप्टन झालाय आणि त्याची पलटण ढाक्याला आली आहे. त्याला मी तुझा पत्ता दिलाय. त्याच्याबरोबर बदामाचा हलवा पाठवलाय. म्हटलं, तिथे माझी बहीण आहे, तिच्या हातचा हिल्सा मासा खाल्ल्याशिवाय परत येऊ नकोस. लाजरा आहे तो, आग्रह कर.

इमारतीला काही धक्का नाही ना? हे विचारतात.

तुझी आपा

ढाका
१७ जून १९७१

सुग्राआपा,

आम्ही सर्व ठीक आहोत. तुझा भाऊ येऊन गेला. हलवा मिळाला. बादल परीक्षेच्या अभ्यासाला आत्याकडे गेला आहे. इमारतीचं काम बंद आहे. सध्या पत्र पाठवू नकोस, टपालाचा भरवसा नाही.

मनोवारा

रावळपिंडी
३ सप्टेंबर १९७२

मनो, माझे बाई,

हे पत्र इंग्लंडात ब्रॅडफर्डच्या चुलत दिराकडे पाठवते आहे, तो पुढे तुला पाठवेल. आता आपल्या दोन देशांत टपालच नाही. असं कसं गं झालं?

जहांगीर हिंदुस्थानात कैदेत आहे. रेडक्रॉसचं एक कार्ड आलं, त्यावर नुसतं "मी बरा आहे". अम्मी ते कार्ड उशाखाली घेऊन झोपते. तुझ्याकडे आला होता तेव्हा तो कसा होता? जेवला का? काही बोलला का? बारीक झाला होता का? तू मला काहीच लिहिलं नाहीस. तुला माझा राग आलाय का? मी काय केलं, मनो? मी इथे स्वयंपाकघरात होते.

हे विचारतात, जिना पुरा झाला का. लुत्फरभाईंच्या नोकरीचं काय? टुटुल शाळेत जातो का? आईचे गुडघे?

एक ओळ तरी लिही.

आपा

ढाका
२२ फेब्रुवारी १९७६

सुग्राआपा,

तुझं पत्र मला १९७२ च्या हिवाळ्यातच मिळालं होतं. आता थेट टपाल सुरू झालंय असं ऐकलं, म्हणून लिहिते. आणि हे बांगलामध्ये लिहिते. पूर्वी मी तुला उर्दूत लिहायचे, मला येत होतं म्हणून. आता हात वळत नाही. कोणाकडून तरी वाचून घे.

तू इतकं विचारलंस. जहांगीर, जिना, टुटुल, आईचे गुडघेसुद्धा. बादलबद्दल विचारलं नाहीस. तुझ्या फरहतला खांद्यावर घेऊन साइटवरच्या मुकादमांना सलाम करायला लावणारा बादल. तू विसरलीस असं मी तीन वर्षं स्वतःला सांगितलं. विसरली नसशील. तुझ्या मनातच आलं नसेल की त्याला काही होऊ शकतं.

तुझा भाऊ आमच्या दारी जीप घेऊन आला, भर दुपारी, वर्दीत. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या बंद झाल्या. घरात आई होती, मी होते, आणि बादल होता. आम्ही त्याला लपवून ठेवलं होतं, कारण फौजवाले कॉलेजची मुलं उचलून नेत होते. जीपचा आवाज आला तसा तो मधल्या खोलीत कणगीमागे शिरला. तुझा भाऊ सतरंजीवर बसला. "सुग्राबाजीने पाठवलंय," म्हणाला. मी आईच्या हातातून तांब्या काढून घेतला. त्याने अर्धा कप चहा घेतला, हलव्याचा डबा ठेवला, आईला वाकून सलाम केला आणि गेला.

त्याने काहीही केलं नाही, आपा. हेच मला गिळता येईना. काही केलं असतं तर शिव्या तरी घातल्या असत्या.

बादल बाहेर आला तो पांढराफटक. म्हणाला, "ताई, आज हा हलवा घेऊन आला. उद्या दुसरा कोणी येईल, आणि माझ्यापायी तुमचं घर जाईल." आईने त्याचा सदरा धरून ठेवला. संध्याकाळपर्यंत धरून होती. ती नमाजाला उठली तेवढ्यात तो गेला, सरहद्दीकडे, लढायला. तुला लिहिलं होतं ना, आत्याकडे गेलाय? आम्हाला आत्याच नाही.

डिसेंबरात त्याच्या बरोबरचा एक मुलगा आला. दारात उभा राहिला, आत येईना. त्यावरूनच कळलं. कबर कुठे आहे ते त्यालाही सांगता आलं नाही.

इमारतीचं विचारतेस ना? ती उभी आहे. लोक सांगतात, वैमानिकांनी वरून बघितलं आणि त्यांना ते एखादं जुनं पडकं देऊळ वाटलं, म्हणून बाँब टाकले नाहीत. खरं-खोटं देव जाणे. लढाईनंतर आत बकऱ्या चरत होत्या. लुत्फर दोन वर्षं तिकडे फिरकला नाही. मी म्हणायचे, बघून तर ये. तो म्हणायचा, "कोणासाठी बांधत होतो ते विसरलोय." मग ज्याने ही इमारत काढली तो अमेरिकन म्हातारा गेल्याची बातमी आली. प्रवासात, स्टेशनावर एकटाच. त्या दिवशी लुत्फर घरात लहान पोरासारखा रडला. मला वाटतं, तो बादलसाठीच रडत होता, आतापर्यंत रडलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी सायकल काढून साइटवर गेला. आता छताचं काम चाललंय.

आईच्या घरात उर्दू बोललेली चालत नाही.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

मनोवारा

रावळपिंडी
५ जानेवारी १९७७

मनो,

हे पत्र मी लिहिले. मी, हाताने. बांगला. चुका काढू नको.

तुझे पत्र आले. बंगाली लोक इथून सगळे गेले. एक म्हातारा आचारी राहिला, अब्दुल गनी. त्याला वाचायला दिले. तो वाचत होता आणि बादल आले तिथे थांबला. चष्मा काढला. म्हणाला, "बेटी, हे परक्याने वाचायचे पत्र नाही." मी म्हटले, मग मला शिकव. रोज दुपारी शिकलो, मी आणि फरहत. फरहत पुढे गेली, मी मागे. पोर मला छडी दाखवते.

पुढचे मी स्वतः वाचले. एकेक अक्षर. बादल गेला हे वाचायला मला पूर्ण दुपार लागली. म्हणजे पूर्ण दुपार तो मरत होता, मनो. वाक्य संपेपर्यंत वाटत होते, कदाचित नाही.

मी विचारले नाही, कारण माझ्या मनात तो अजून पोरगा होता. पोरग्यांना कोण मारतो.

माझा भात परत आला. भाई, भाई. खोडत नाही, कागद फाटेल. जहांगीर १९७४ मध्ये परत आला. फौज सोडली. गावी संत्र्याची झाडे लावतो, बोलत नाही. तुझे पत्र मी त्याला सांगितले. तो बराच वेळ हातातली माती चोळत राहिला. मग म्हणाला, "बाजी, सतरंजीवर आधीच चहाचे तीन कप होते. बायका दोन. तिसरा कप अर्धा, वाफ येत होती. म्हणून मी लवकर उठलो. जास्त बसलो असतो तर बाहेर जीपमधला शिपाई आत आला असता."

कोणालाच सांगितले नाही त्याने. तिथे नाही, इथे नाही. मला वाटले, हे तुला आणि आईला माहीत पाहिजे. माफीसाठी नाही लिहिले. माफी हा शब्द मी अजून शिकले नाही, पुस्तकात पुढे आहे.

फरहत दूधआईला सलाम सांगते. हे तिने स्वतः लिहिले, खाली बघ.

सुग्रा

ढाका
१८ एप्रिल १९८२

सुग्राआपा,

तुझ्या मागच्या पत्रात फक्त तीन चुका. टुटुलने मोजल्या, मी नाही. इतकी वर्षं पत्रं येताहेत, तरी तुझं अक्षर बघितलं की मला पावसात भिजलेली कोंबडी आठवते.

इमारत पुरी झाली! जानेवारीत उद्घाटन झालं. काम केलेल्यांच्या घरच्यांना आत नेलं एक दिवस. मी नवी साडी नेसले. लुत्फरने बूट पॉलिश केले, वीस वर्षांत पहिल्यांदा.

आपा, काय सांगू. बाहेरून ती तळ्यात बसलेली दिसते, पाण्यात तिचं दुसरं रूप हलत असतं. आत गेलं की रस्ता हरवतो. भिंती वर वर जातात आणि ऊन कुठून येतं ते कळतच नाही, नुसतं भिंतीवरून ओघळत असतं. मधल्या सभागृहावर ते छत, छत्री उघडावी तसं, आणि कडेने उजेड. नमाजाची खोली बाकीच्या इमारतीपासून जराशी तिरकी वळवलेली आहे, काब्याकडे तोंड करून. मला ते फार आवडलं. सगळं घर एका दिशेला आणि एक खोली आपल्या मनाने वळलेली.

इनायतभाईंना सांग, त्यांचा जिना मी चढले. पायऱ्या अशा की माझ्या गुडघ्यांनीही कुरकुर केली नाही. वरच्या वळणावर गोल भोकातून उजेड पडतो, तिथे सगळे आपोआप थांबत होते. मीही थांबले. त्यांच्या नावाने थांबले.

फेब्रुवारीत पहिलं अधिवेशन भरलं. आणि मार्चच्या एका सकाळी रेडिओ लावला तर लष्करी कायदा. संसद बरखास्त. मी लुत्फरकडे बघितलं. तो पराठा खात होता. तो घास चावून संपवला आणि म्हणाला, "पावसाळ्याआधी उत्तरेकडची गळती बघायला हवी." छत्री घेतली आणि गेला. मी हसू की रडू!

आईला तीन कपांचं मी तेव्हाच वाचून दाखवलं होतं. ती डाळ निवडत होती, निवडतच राहिली. इतक्या वर्षांनी परवा अचानक विचारलं, "त्या मुलाचं नाव काय गं?" मी सांगितलं. "लग्न झालं त्याचं?" मी म्हटलं, नाही. तर म्हणाली, "मग त्याच्या आईला झोप येत नसेल."

आपा, आता विमानं येतात. ये. फरहतला घेऊन ये. बंद इमारत दाखवीन, पण दाखवीन.

तुझी मनो

रावळपिंडी
३० जानेवारी १९८३

लाडके मनो,

सुखरूप पोचलो. फरहत बॅग उघडायच्या आधी बापाला सगळं सांगत बसली. यांना सुट्टी मिळाली नाही म्हणून येता आलं नाही, तर आता तिच्याकडून भिंतीन् भिंत वसूल करताहेत. जिना बंद कुलपात होता हे ऐकून क्षणभर चेहरा उतरला. मग तिने दक्षिणेकडच्या त्या मोठ्या लाल पायऱ्यांचं सांगितलं, संध्याकाळी आख्खं शहर तिथे येऊन बसतं, चणे-दाणे विकणारे, नवी जोडपी, क्रिकेट खेळणारी पोरं, आणि मागे ती कुलूपबंद इमारत. हे म्हणाले, "असेंब्ली आत नाही, बाहेर भरते म्हण की!" आणि इतक्या दिवसांनी मोठ्याने हसले.

मला मात्र त्यांना एक गोष्ट सांगता आली नाही, म्हणून तुला लिहिते.

तुझ्या दारात पाऊल टाकलं. वाटेत वाक्यं पाठ केली होती, सगळी विसरले. आई खाटेवर बसली होती. मी म्हटलं, "खाला, मी सुग्रा." तिने वर बघितलं आणि विचारलं, "बांगला कोणी शिकवली?" मी म्हटलं, एका आचाऱ्याने. तर म्हणाली, "उच्चार आचाऱ्याचेच आहेत." तू पदराआड हसलीस, मी बघितलं!

पण ती संध्याकाळ. कोणी सांगितलं नव्हतं, आणि ती स्वतःच म्हणाली, "लुत्फर, मलाही ने. बघू तरी, एवढी वर्षं कुठे जात होतास." तुम्हा सगळ्यांची तोंडं उघडी राहिली. रिक्षातून उतरली, पायऱ्यांच्या खाली उभी राहून तिने इमारतीकडे कितीतरी वेळ बघितलं. ती गोल भोकं, ती त्रिकोणी. मला वाटलं काही मोठं बोलेल. ती म्हणाली, "पाऊस आत येत नाही ना?" लुत्फरभाई म्हणाले, "थोडा येतो, आई." "मला माहीत होतं," म्हणाली आणि पायरीवर बसली, माझ्या शेजारी.

तुम्ही दाणे आणायला गेलात. फरहत आणि टुटुल तळ्याकाठी भांडत होते. आई माझ्याकडे न बघता बोलायला लागली. बादल लहानपणी कसा होता ते. मासा खाताना काटे तिच्या ताटात कसे टाकायचा. पावसात कसा नागडा पळायचा. मला अर्धंच समजत होतं, ती भरभर बोलत होती, आणि मी थांबवून विचारलं नाही. बोलता बोलता तिची मान कलली. झोप लागली तिला, माझ्या खांद्यावर.

तुम्ही परत आलात तेव्हा मी तुला बोटाने गप्प केलं, आठवतं? ऊन गेलं, दिवे लागले. तो शिपाई आला आणि म्हणाला, "उठा, वेळ झाली." लुत्फरभाई त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. कधी आवाज चढवताना बघितलं नव्हतं त्यांना. तेव्हाही चढवला नाही. म्हणाले, "बाळा, या पायऱ्यांवर मी तुझ्या वयाचा असल्यापासून आहे. म्हातारी झोपली आहे. तूही बस थोडा." आणि तो बसला, मनो. बंदूक मांडीवर घेऊन खालच्या पायरीवर बसला, आणि तू त्याला दाणे दिलेस.

मी हलले नाही. हात बधिर झाला, मुंग्या आल्या, तरी हलले नाही. इतक्या वर्षांत तुमच्या घरासाठी मला काही करता आलं असेल तर तेवढंच.

खांदा अजून आखडलेला आहे. फरहत तेलाची बाटली घेऊन मागे लागली आहे. मी म्हटलं, राहू दे दोन दिवस.

तुझी,
सुग्रा